विद्यार्थ्याच्या कंपनीकडून काश्मीर सहलीचे पैसे परत कसे मागावेत?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका लिहितात, की मे २०२५ मधील काश्मीर सहलीसाठी त्यांनी स्वतःचे, पतींचे, धाकट्या बहिणीचे आणि तिच्या यजमानांचे मिळून १,९४,००० रुपये पुण्यातील एका लहान सहल कंपनीकडे भरले होते. कंपनी त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याची आहे. १० मे रोजी मुंबईहून श्रीनगरला निघायचे होते. २२ एप्रिलला पहलगाम येथे पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला आणि २५ एप्रिलला कंपनीने सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहल रद्द झाल्याचे कळवले. पाठोपाठ १,५०,००० रुपयांची क्रेडिट नोट आली. ती एका वर्षात कोणत्याही सहलीसाठी वापरता येईल, मात्र रोख रक्कम मिळणार नाही, असे तीत म्हटले होते. उरलेले ४४,००० रुपये विमान कंपनीने आणि हॉटेलवाल्यांनी ठेवून घेतल्याचे तोंडी सांगण्यात आले. बाईंनी त्या संदेशाला ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले. पुढे ऑक्टोबरमध्ये पतींची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि आता लांबचा प्रवास शक्य नाही. क्रेडिट नोटची मुदत २४ एप्रिलला संपते. फोन केला की विद्यार्थी म्हणतो, ‘बाई, तुमचे पैसे कुठे जात नाहीत’, पण तारीख देत नाही. पती म्हणतात, विषय सोडून दे. बाई विचारतात: ‘ज्या घटनेत माणसे गेली, तिच्यावरून पैशांसाठी भांडणे शोभते का? आणि मी स्वतःच ठीक आहे म्हटल्यावर मला काही हक्क उरतो का?’

सप्रेम नमस्कार,

सहलीसाठी घेतलेल्या लोकरी कपड्यांची पिशवी अजून कपाटावर आहे, पतींच्या थर्मलवरची दुकानाची चिठ्ठीही काढलेली नाही आणि ती पिशवी खाली उतरवायला हात धजत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या मनात अडकलेली गोष्ट केवळ १,९४,००० रुपयांची नाही, हे त्यावरून कळते. तरीही मी पैशांविषयीच लिहिणार आहे, कारण तो प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि त्यासाठी तुमच्या हातात आता फार आठवडे उरलेले नाहीत.

शोभते का, हा तुमचा प्रश्न मी आधी घेते. पहलगामच्या बैसरणमध्ये २६ जणांचा जीव गेला. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची माणसे होती. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत काश्मीरच्या बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या, आणि आपण वाचलो या भावनेपुढे पैशांचा विचार करणेही अनेकांना अपराधासारखे वाटले. ती भावना खरी आहे. पण तुम्ही एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी मला वेगळ्या करून पाहाव्याशा वाटतात. सहल रद्द करण्याचा निर्णय योग्य होता आणि त्याबद्दल तुम्ही तुमच्या विद्यार्थ्याला कधी दोष दिलेला नाही. रद्द झाल्यानंतर तुमची रक्कम कोणाकडे राहावी, हा प्रश्न मात्र त्या निर्णयाशी निगडित नाही. तुम्ही पैसे भरले ते विमानाचा प्रवास, सात रात्रींचा मुक्काम, जेवण आणि स्थानिक फिरणे यांसाठी. त्यातले काहीच तुम्हाला मिळालेले नाही. मृतांविषयीचा आदर राखण्यासाठी एका निवृत्त शिक्षिकेचे पैसे एखाद्या कंपनीच्या खात्यात राहिले पाहिजेत, असा संबंध कुठूनही जुळत नाही.

इथे नुकसानभरपाई आणि परतावा यांतला फरक लक्षात घेतला, तर तुमचा संकोच बराच कमी होईल असे मला वाटते. कंपनीच्या हलगर्जीपणामुळे सहल मोडली असती, तर झालेल्या मनस्तापाची भरपाई मागता आली असती. तुमच्या बाबतीत कंपनीची चूक नाही, म्हणून ती मागणी करू नका, असेच मी सुचवेन. परतावा मागण्यासाठी मात्र समोरच्याची चूक असावी लागत नाही. मोबदला घेतला आणि सेवा दिली नाही, तर मोबदला परत करायचा, एवढाच त्याचा आधार आहे. आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा आहे. करार पार पाडणे पुढे अशक्य झाले तर तो रद्दबातल ठरतो, असे त्याच्या कलम ५६ मध्ये आहे आणि अशा करारापोटी ज्याला काही लाभ मिळाला असेल त्याने तो परत करावा, असे कलम ६५ सांगते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही ‘माझा दोष नाही’ हे उत्तर पैसे ठेवून घेण्यासाठी पुरेसे मानलेले नाही.

आता ‘ठीक आहे’ या तुमच्या उत्तराकडे वळू. तुमची बाजू इथे थोडी नाजूक आहे, हे मी लपवणार नाही. प्रकरण पुढे गेले, तर कंपनी सर्वप्रथम त्याच संदेशाचा स्क्रीनशॉट दाखवेल. तरी तो संदेश पुन्हा उघडून नीट वाचा. त्यात ‘रोख हवी की क्रेडिट नोट’ असा पर्याय दिलेला नव्हता. रोख मिळणार नाही, असे कळवले गेले आणि तुम्ही ते वाचल्याची पोच दिली. जिथे निवडीला जागाच नव्हती, तिथल्या दोन शब्दांना विचारपूर्वक दिलेली संमती म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा आहे आणि माझ्या मते तो तुमच्या बाजूने झुकतो. करोनाकाळात विमान कंपन्यांनीही प्रवाशांच्या तिकिटांचे पैसे अशाच ‘क्रेडिट शेल’मध्ये ठेवले होते. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मुदतीपुरती मान्य केली, पण ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरलेली रक्कम प्रवाशाला परत करण्याचे बंधनही घातले. तो निकाल विमान तिकिटांपुरता होता, सहल कंपन्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही पैशांऐवजी दिलेली चिठ्ठी मुदत संपताच पैसे गिळून टाकू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व तुमच्या पत्रात मांडण्याजोगे आहे.

बुकिंगच्या फॉर्ममागे बारीक अक्षरांत छापलेल्या नियम व अटींवर आपण सही केली आहे, हे तुम्ही फार अपराधी सुरात लिहिले आहे. तसे वाटून घेण्याचे कारण नाही, कारण सही आपण सगळेच करतो. त्या अटी आता भिंगाखाली धरून वाचा. ‘युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांनी कंपनी सहल रद्द करू शकते’, एवढेच लिहिले असेल, तर त्याने कंपनीला रद्द करण्याचा अधिकार मिळतो, पैसे ठेवण्याचा नाही. ‘प्रवाशाने रद्द केल्यास अमुक टक्के कपात’ हे कोष्टक तुम्ही स्वतः माघार घेतली असती तर लागू झाले असते. तुमची सहल कंपनीने रद्द केली. आणि ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ असेच छापलेले असले, तरी तो शेवटचा शब्द ठरत नाही. घराचा ताबा रखडल्याच्या एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे, की बिल्डरने स्वतःच्या सोयीने लिहिलेला आणि ग्राहकाला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसलेला एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक धरता येत नाही. ग्राहक आयोगापुढे हा मुद्दा तुम्हालाही मांडता येईल.

कापलेल्या ४४,००० रुपयांकडे मला अधिक बारकाईने पाहायचे आहे, कारण तुम्ही ते बुडाले असे धरून चालला आहात आणि मला तसे धरवत नाही. हल्ल्यानंतर लगेचच्या तारखांसाठी प्रमुख विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरील रद्द करण्याचे व बदलाचे शुल्क माफ केल्याचे जाहीर केले होते. तुमची तारीख त्यानंतरची, १० मे ही होती. त्या दिवशी तर श्रीनगरचा विमानतळच नागरी उड्डाणांसाठी बंद होता. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ बंद करण्यात आले होते आणि ते १२ मे रोजी पुन्हा खुले झाले. म्हणजे कंपनीने सहल रद्द केली नसती, तरी त्या दिवशीचे तुमचे विमान उडालेच नसते. विमान कंपनी स्वतः उड्डाण रद्द करते तेव्हा तिला तिकिटाचे पैसे परत करावे लागतात किंवा पर्यायी प्रवास द्यावा लागतो. मग तुमच्या तिकिटांचे नेमके काय झाले? ती खरोखर काढली होती का, कोणत्या तारखेला रद्द केली, विमान कंपनीकडून किती रक्कम आली, की ती तिकिटे नंतरच्या एखाद्या ग्रुपसाठी वळवली गेली? हे प्रश्न म्हणजे आरोप नव्हेत. तुमच्या विद्यार्थ्याकडे पीएनआर म्हणजे तिकीट-नोंदणीचे क्रमांक आणि विमान कंपनीचे ईमेल असणारच, आणि तो खरे बोलत असेल तर ते दाखवायला त्याला दहा मिनिटे लागतील. हॉटेलचेही तेच. श्रीनगर वा पहलगामच्या हॉटेलवाल्याने आगाऊ रक्कम अडकवली असेल, तर तो व्यवहार कंपनी आणि हॉटेल यांच्यातला आहे. तुमचा करार कंपनीशी होता आणि पावतीही तिचीच आहे.

कागद पाहिल्यावर हॉटेलचे पंधरा-वीस हजार खरोखरच परत आले नसल्याचे दिसले, तर त्यातला काही वाटा आपण सोसावा असे तुम्हाला वाटू शकते. काश्मीरच्या हॉटेलवाल्यांचाही तो अख्खा हंगाम बुडाला होता, त्यामुळे असे वाटणे मला गैर वाटत नाही. मात्र तसे असल्यास ते तुम्ही कागद पाहून, आपणहून सोडलेले पैसे असावेत, फोनवर ऐकलेल्या एका आकड्यावर विश्वास ठेवून गेलेले नव्हेत.

विद्यार्थ्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, आणि तुम्ही दहा महिने गप्प राहिलात ते त्याच्यामुळेच, असे मला वाटते. ‘तुमचे पैसे कुठे जात नाहीत’ हे वाक्य त्याने मनापासूनच म्हटले असेल. छोट्या सहल कंपन्यांचे पैसे एका ग्रुपकडून दुसऱ्या ग्रुपकडे फिरत असतात. त्या मे महिन्यात अनेकांचा तो फेरा मोडला आणि ज्याने तगादा लावला त्याला आधी, ज्याने धीर धरला त्याला मागाहून, अशी रांग लागली. तुम्ही त्याच्या बाई आहात, त्याला कधी अडचणीत आणणार नाही, हे तो जाणून आहे, आणि म्हणून त्या रांगेत तुम्ही नकळत मागे गेलात. त्याने हे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. पण भिडेस्तव तुम्ही जितके गप्प राहाल तितका हा विषय त्याच्यासाठीही अवघड होईल, आणि पुढे एखाद्या लग्नात समोरासमोर आलात तर दोघांनाही नजर चुकवावी लागेल. ज्या मुलाची वही तुम्ही वर्षानुवर्षे तपासली, त्याच्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार तुम्हाला नसेल तर कोणाला असणार?

म्हणून आधी त्याला भेटा किंवा फोन करा, आणि या वेळी ‘बघ जमेल तेव्हा’ असे न म्हणता यजमानांच्या शस्त्रक्रियेची परिस्थिती सांगून एक तारीख मागा. बोलणे झाले की त्याच संध्याकाळी ते लिहून पाठवा. फोनवरचे बोलणे कितीही चांगले झाले, तरी लेखी पत्र चुकवू नका. पत्र कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा (रजिस्टर्ड पोस्टची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, त्यामुळे टपाल कार्यालयात त्याच नावाने विचारा). मजकूर असा ठेवता येईल:

‘आपण दि. २५ एप्रिल २०२५ रोजी आमची १० मे २०२५ ची काश्मीर सहल रद्द केल्याचे कळवले. या सहलीपोटी आम्हा चौघांचे १,९४,००० रुपये आपल्याकडे जमा आहेत. आपण दिलेली १,५०,००० रुपयांची क्रेडिट नोट आम्ही वापरलेली नाही आणि यजमानांच्या हृदयशस्त्रक्रियेमुळे ती वापरणे शक्य नाही. तरी संपूर्ण रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी. आपण ४४,००० रुपयांची कपात सांगितली आहे, तिच्या पुष्ट्यर्थ विमान कंपनी व हॉटेल यांच्याशी झालेल्या व्यवहाराची कागदपत्रे पाठवावीत.’

पत्रात एवढेच पुरे आहे. रागाचे किंवा धमकीचे एकही वाक्य घालू नका, कारण हेच पत्र उद्या आयोगापुढे तुमचा पहिला पुरावा ठरेल. सोबत पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेच्या पासबुकातील नोंद, सहलीचा छापील कार्यक्रम, क्रेडिट नोट आणि शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडू नका. त्यातील सगळे संभाषण आधी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण ग्रुप बंद झाला किंवा फोन बदलला तर २५ एप्रिलचा तो संदेश पुन्हा हाती लागणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि पाठपुरावा करते, पण अनेक कंपन्या तेवढ्यानेच हालचाल करतात. तिथेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ‘कोर्टाची पायरी आमच्या घराण्यात कोणी चढलेले नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तिथले कामकाज थोडे समजावून सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्हाला पुण्याला जावे लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार भरता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात, त्यापुढे नाही. अंतिम निकाल मात्र कायद्यात अपेक्षिलेल्या तीन महिन्यांत लागेलच अशी आशा धरू नका, प्रत्यक्षात वेळ लागतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती सहल रद्द झाल्याच्या दिवसापासून मोजणे सुरक्षित ठरेल, म्हणजे तुमच्याकडे एप्रिल २०२७ पर्यंत अवधी आहे.

याच कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, आणि तुमच्यासाठी मला ती सर्वांत योग्य वाटते. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. तिथे टेबलाभोवती बसून रक्कम आणि तारखा ठरवता येतात, आणि जे ठरेल ते आयोगाच्या आदेशात येते. विद्यार्थ्याला एकरकमी देणे खरोखर जड जात असेल, तर तीन हप्ते मान्य करा, पण त्या त्या तारखांचे धनादेश आधी घ्या. धनादेश न वटल्यास कायद्याने काय होते, हे प्रत्येक व्यावसायिक जाणतो. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा कागदावर शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका आणि मूळ पावती कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

बहीण आणि तिचे यजमान प्रवास करू शकत असतील, तर त्यांच्यापुरती क्रेडिट नोट नव्या सहलीत वापरून तुमचे दोघांचे पैसे रोख घेणे, हाही एक मधला मार्ग आहे. कंपनीला निम्मीच रोकड उभी करावी लागेल, त्यामुळे तो लवकर मान्य होण्याची शक्यता आहे. मात्र क्रेडिट नोटची मुदत वाढवल्याचे आणि रक्कम १,५०,००० नव्हे तर पूर्ण १,९४,००० धरल्याचे आधी लेखी घ्या, आणि पुढच्या सहलीचा वाढीव दर कोण सोसणार तेही विचारा.

अशीच पत्रे मला इतरांकडूनही आली आहेत, त्यांच्यासाठी थोडे. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर सेवा न मिळाल्याची तक्रार बँकेकडेही करता येते, पण तिची मुदत थोडी असते, म्हणून सहल रद्द झाल्याचे कळताच बँकेला लिहावे. परदेश सहलीच्या रकमेत टीसीएस, म्हणजे कंपनीने सरकारसाठी तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, घेतलेला असतो. तो तुमच्या पॅनवर सरकारजमा झाला आहे का हे फॉर्म २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक कर-नोंदीत पाहावे, झाला असेल तर विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मागता येतो. नोंद दिसत नसेल तर त्या पैशांचे काय झाले हे कंपनीला विचारावे. आणि सहल कंपनीने रद्द करण्याआधी भीतीपोटी स्वतःहून ‘आम्ही येत नाही’ असे कळवणाऱ्यांची बाजू बरीच कमजोर होते. म्हणून परिस्थिती बिघडत असेल, तर आधी सहल जाणार की नाही हे कंपनीला लेखी विचारावे आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी.

बाई, तुमच्याकडून आता दोन गोष्टी व्हायच्या आहेत. पावती एकट्या तुमच्या नावावर असली तरी बहिणीचे आणि तिच्या यजमानांचे पैसे त्यात आहेत, तेव्हा ‘आमच्या वतीने रक्कम मागण्याचा व स्वीकारण्याचा अधिकार ताईला देत आहोत’ असे त्यांच्या सह्यांचे पत्र आजच मागवून घ्या. आणि क्रेडिट नोट नाकारत असल्याचे तुमचे पत्र २४ एप्रिलच्या आत कंपनीच्या हाती पडले पाहिजे. टपालाचे चार दिवस धरून ते या आठवड्यातच टाका आणि पोचपावती आली की तिचा एक फोटो बहिणीकडेही ठेवा.